यादीतलं पहिलं घर

बोरपिंपळ, ता. नांदुरा
४ जानेवारी २०२५

समता,

जय भीम. अक्षर ओळखून पाकीट फाडू नको, आधी वाच. वाचल्यावर फाड, तुही मर्जी. तू माहा नंबर बंद करून ठेवला हे तुह्या बहिणीनं, प्रतीक्षानं मले सांगितलं, म्हणून हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिहून राह्यली. नाशकातल्या तुह्या घराचा पत्ता मले माहीत नाही. आईले पोरीच्या घराचा पत्ता माहीत नाही, हे कोणाले सांगावं तरी कसं? मी सांगतच नाही. कोणी विचारलं तं म्हणते, समता मजेत आहे, कालच बोलली.

मी माफी मागाले बसली नाही. तुहा भाऊ अश्वजित गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जे झालं ते झालं. चौदा महिने होऊन गेले. आज एक काम आहे म्हणून लिहिते.

गावात पाण्याची टाकी होऊन राह्यली. म्हणजे झाली नाही, होईन अशी आशा आहे. खामगावच्या एका संस्थेच्या पूनमताई आहेत, चाळिशीच्या, स्कूटीवर येतात, बोलतात कमी अन् लिहितात जास्त. मुंबईची कोणती तरी फाउंडेशन आपल्या खारपाणपट्ट्यातल्या, खाऱ्या पाण्याच्या गावाइले मदत करून राह्यली. शाळेच्या छपरावरचं पावसाचं पाणी पायपानं खाली आणायचं, शेजारी जमिनीखाली मोठी टाकी बांधायची, अन् वर्षभर प्यायले तेच वापरायचं. हापशीचं पाणी मंग भांडे घासाले. तू नर्स, तुले मी काय सांगू? आधी तुह्या बाबाचे पाय सुजले, मंग अश्वजितचे, अन् दोघंही गेले. डॉक्टर लोक पाण्याचं नाव घेतात अन् घेत बी नाहीत. आम्ही तेच पाणी पिऊन राह्यलो. नळ पंधरा दिवसांतून एकदा येते, तोही गढूळ.

मले वाटलं होतं, अर्ज टाकला की मदत येते. पूनमताई हसल्या. म्हणे, "कलाबाई, अर्ज सगळ्यात शेवटी. आधी गरज कागदावर पाहिजे. किती घरं, किती आजारी, किती गेले. मग जागा. मग टाकी सांभाळणार कोण, ते. मग ग्रामसभेचा ठराव. एवढं नीट बसलं तर अर्ज एका दिवसाचं काम आहे." फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत मुदत आहे.

परवा त्याइनं शाळेच्या अंगणात बायाइले रांगोळीनं गावाचा नकाशा काढाले लावला. लय मजा आली बाप्पा. विहार काढला, मारुतीचं देऊळ काढलं, उकंडरावचा गोठा त्याइच्या घरापेक्षा मोठा काढला. मंग पूनमताईनं वाटीत मिठाचे खडे दिले. ज्या घरात किडनीचं दुखणं आहे त्या घरावर एक खडा ठेवा म्हणे. झालं, सगळ्या बाया पदर सावराले लागल्या. एकीनंही खडा उचलला नाही. उकंडराव काठी टेकत पुढं आले अन् म्हणाले, "आमच्या गावात असलं काही नाही मॅडम. आमच्या गावचे पोट्टे काटक हायेत."

त्याइचा थोरला लेक दर मंगळवारी अन् शुक्रवारी खामगावले डायलिसिसले जाते. सगळ्याइले माहीत आहे. सांगतात काय, तं कोर्टाची तारीख आहे. समता, आपल्या गावाच्या कोर्टात इतक्या तारखा हायेत, की सकाळच्या सातच्या एस.टी.त बसाले जागा नाही. नवख्या माणसाले वाटावं, अख्खं गाव गुन्हेगार आहे.

लोक काऊन लपवतात हे तुले सांगाची गरज नाही. कोणाची पोरगी लग्नाची, कोणाचं पोरगं. किडनीचं घर म्हटलं की पाव्हणे पाणीही न पेता उठतात. मी पूनमताईले म्हटलं, हे असं चारचौघात नाही होत. मले रजिस्टर द्या, मी घरोघरी जाते. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली मी, गावातल्या अर्ध्या लोकाइचं पहिलं वजन म्या घेतलं आहे. मले सांगतीन.

प्रतीक्षा बरी आहे. जरा थकते. वडनेर भोलजीच्या त्या ऑनलाइन फॉर्म भराच्या दुकानात दिवसभर बसणं, अन् वरतून जाणं-येणं. तुही आठवण काढते.

तुही आई,
कलाबाई


१८ जानेवारी

समता,

तुहं उत्तर आलं नाही. येईन असं मले वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मी उगाच त्याले चहा विचारते.

एकशे चौदा घरं संपली. पायाचे तुकडे पडले, पण रजिस्टर भरलं. अंगणवाडीची सवय, सर्वे नेहमी आपल्याच गल्लीपासून सुरू करायचा, म्हणून घर क्रमांक एक आपलं. ती ओळ मोकळी ठेवली अन् पुढं गेली. म्हटलं आपल्या घरचं काय, केव्हाही लिहिता येते.

लोकाइनं सांगितलं. उंबऱ्यात बसून, आवाज खाली घेऊन, दार लोटून. एक्केचाळीस आजारी. दहा वर्षांत एकोणीस गेलेले. मी लिहीत गेली. इतके आहेत हे मलेही माहीत नव्हतं, सांग! सगळ्याइले आपापलं माहीत, दुसऱ्याचं अर्धं माहीत.

रंगराव पाटलाच्या घरी गेली. विमलबाईनं मले ओट्यावर बसवलं नाही, आत नेलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. रंगरावभाऊ पलंगावर पडून होते, चेहरा पार काळवंडला. विमलबाई म्हणे, "तुमच्यापासून काय लपवू कलाबाई? याइले आठवड्यातून दोनदा नेतो. मोताळ्याच्या कोर्टात बांधाची केस हाये म्हून सांगतो लोकाइले. कोणाचा बांध अन् कायची केस! सोन्यासारखे शेजारी हायेत आमचे, उगाच त्याइच्यावर आळ." हसली अन् लगेच डोळ्याले पदर लावला. म्हणे, "नाव लिहा. पण माह्या गोपालचं लगन होऊस्तोवर कोणाले दाखवजा नको." पलंगावरून रंगरावभाऊ बोलले, "शाळेच्या बाजूची आपली जमिनीची पट्टी टाकीले घ्या. लेखी देतो." मंग विमलबाईनं विचारलं, "तुमच्या घरचं लिहिलं ना?" चहा गरम होता, मी बशीत ओतून पिऊ लागली.

बाकी सगळं जमून आलं. जागा मिळाली. सात बायाइची समिती झाली, टाकीची किल्ली कोणाकडं राहीन यावर दोन दिवस भांडण झालं अन् मिटलंही. शाळेचं छप्पर दोरीनं मोजलं. पूनमताई खूश. म्हणे, "मी सहा गावांत फिरते, एवढी तयारी कुठंच नाही."

एकच गोष्ट राह्यली. यादी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचावी लागते. चावडीवाचन. घरकुलाची वाचतात ना, तशीच. कोणाची हरकत नाही असा ठराव झाला की मंगच ती खरी धरतात. मी म्हटलं, ताई, मी लोकाइले शब्द दिला. त्या म्हणे, "मग त्यांना तुम्हीच समजावून सांगा, तुमचं ऐकतात."

दोन दिवस मले जेवण गोड लागलं नाही. मंग वाटलं, एका परीनं बरंच आहे. एवढी सगळी घरं एकमेकाइचं ऐकतीन. सगळ्याइचंच आहे, तं कोणी कोणाची लाज धरावी? फक्त पहिलं नाव वाचलं गेलं पाहिजे. पहिल्यानं सांगितलं की दुसऱ्याले सोपं जाते. घरोघरी जाऊन हेच सांगितलं. "तुम्ही वाचता ना? मंग वाचा," म्हणाले.

आता तुले सांगते. प्रतीक्षाचं जुळत आलं. मोताळ्याचा पोरगा आहे, पतसंस्थेत कारकून, शांत आहे. साक्षगंध नऊ फेब्रुवारीले. त्याची सख्खी मावशी आपल्याच गावात दिली आहे, तिनंच सुचवलं. त्याइनं विचारलं, भाऊ काहून गेला? म्या म्हटलं, कावीळ.

तू असती तं काय म्हटलं असतं ते मले पाठ आहे. म्हणून विचारत नाही.

आई


२७ जानेवारी

समता,

हे पत्र कोणाले दाखवू नको.

परवा प्रतीक्षानं यादी पक्की केली. तिचं अक्षर तुले माहीत आहे, छापल्यासारखं. पहिल्याच ओळीपाशी थांबली अन् म्हणे, "आई, इथं काय लिहू?" मी चुलीपुढं भाकरी करत होती. वळून पाह्यलं नाही. म्हटलं, "निरंक लिही." तिनं लिहिलं. मोत्यासारखं अक्षर काढत शेवटपर्यंत लिहीत गेली.

काल झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा बसली. इतकी गर्दी मी कधी पाह्यली नव्हती. एरवी ग्रामसभेले सह्या घराघरांत जाऊन घ्याव्या लागतात. विमलबाई आली होती, डोक्यावर पदर, बायाइच्या घोळक्यात. उकंडराव खुर्चीवर. पोराची मावशी पुढच्याच रांगेत, मले पाहून हसली.

मी उभी राह्यली. खरं सांगते, उभी राहीपर्यंत माहं ठरलं नव्हतं. प्रतीक्षाच्या अक्षरात काहीही असो, तोंडानं काय वाचायचं ते माह्या हातात होतं. अश्वजितचं नाव ओठावर आलं होतं, समता. तेवढ्यात मावशीकडं नजर गेली.

मी वाचलं, "घर क्रमांक एक. कलाबाई पंजाबराव इंगळे. आजारी निरंक. मयत निरंक."

मयत निरंक! ज्या गावानं त्याले खांद्यावर नेलं, त्या गावापुढं. ज्या पोट्ट्याइनं तिरडी धरली ते समोर बसले होते. त्याइच्यापैकी एकजण तेवढा जमिनीकडं पाहाले लागला.

घर दोन वाचलं, तीन वाचलं. चौथ्या घराले पहिलं नाव आलं अन् तो माणूस उठला. "माह्या घरचं खोडा. चुकून लिहिलं." मंग विमलबाई उठली. पाटलाच्या घरची बाई ग्रामसभेत बोलत नाही, ती बोलली. "बाई, आमचं बी काढा. याइले साधी शुगर हाये." माह्याकडं तिनं असं पाह्यलं, की मले वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. उकंडराव बसल्या जागेवरून काठी हलवत म्हणाले, "खोडा, खोडा." मंग रांगच लागली. पूनमताई पेन घेऊन एकेक ओळ मारत होत्या, त्याइचं तोंड पांढरं पडलं होतं.

एक्केचाळिसातले तीन उरले. ते तिघं उरले कारण त्याइच्या घरचं कोणी ग्रामसभेत आलं नव्हतं.

आता तुले लिहितेच. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू सगळ्या लोकाइपुढं उभी राह्यली अन् म्हणाली, माहा भाऊ किडनीनं गेला, तुम्ही सगळे उद्याच्या उद्या रक्त तपासून घ्या. मी तुले चापट मारली. भंतेजी समोर बसले होते. तव्हाही प्रतीक्षाले एक पाव्हणे पाहून गेले होते. तू पिशवी घेतली अन् जेवण न करता गेली. मी सगळ्याइले सांगत फिरली, भाऊ गेल्यापासून पोरगीचं डोकं ठिकाणावर नाही. माह्या तोंडानं सांगितलं. हे तुले कोणी कळवलं का नाही मले माहीत नाही, म्हणून मीच कळवते.

आई


२१ मार्च

समता,

अर्ज गेला होता. तीन आजारी घेऊन गेला. काल उत्तर आलं, गरज सिद्ध होत नाही.

पूनमताई कागद घेऊन स्वतः आल्या. मी म्हटलं, बसा. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "जागा होती, समिती होती, नकाशा होता. तुमच्या गावात फक्त आजारी नव्हते, कलाबाई." मी रागावली. मले बोलायचा हक्क काय तुमचा, तुम्हाले पोरगी आहे का लग्नाची, असं तोंडाले येईन ते बोलली. त्या ऐकून घेऊन स्कूटीवर बसल्या. नंतर मले समजलं, त्याइले दोन पोरी आहेत.

साक्षगंध झालं. लग्न अकरा मे. पोरगा प्रतीक्षाले रोज फोन करते, चांगला आहे. तिले पैंजण घातले होते त्याइनं, ते मागल्या आठवड्यात निघेनात. पाय इतके भरले, की नांदुऱ्याले सोनाराकडं नेऊन कापून घ्यावे लागले. सोनारानं वर तिच्या तोंडाकडं पाह्यलं. उन्हामुळं झालं असन.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, राहू दे, तुले तुही आई कशी लिहिते ते दिसू दे.

डिसेंबरातच तिले मलकापूरले नेलं होतं. दोन महिने सकाळी उलट्या करत होती, तोंड सुजत होतं. डॉक्टरनं रक्त पाह्यलं. क्रिएटिनिन का काय ते, तीनच्या वर. तीनच्या वर म्हणजे काय ते तुले समजते, मले अश्वजितच्या वेळी समजलं. त्याइनं सांगितलं, पाणी बदला, मीठ बंद करा, मोठ्या डॉक्टरले दाखवा. प्रतीक्षा बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर येऊन म्हटलं, रक्त कमी आहे, बीट खाय. रिपोर्ट तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली घालून ठेवला. अजूनही तिथंच आहे.

म्हणजे सव्वीस जानेवारीले मी मेलेल्याचंच लपवलं नाही. जित्या पोरीले निरंक म्हटलं. तिच्या हातानं लिहून घेतलं.

मनात हिशेब असा होता बाप्पा, की एकदा लग्न होऊ दे. सासर मोताळ्याले, तिथलं पाणी गोडं. गोडं पाणी पिईन तं बरी होईन. नवरा पतसंस्थेत आहे, दवाखान्यात नेईन. मंग कळलं तरी टाकून देणार नाही, लग्न झालेलं असन. तुले हसू येईन. येऊ दे. मी अश्वजितले डायलिसिसच्या खुर्चीवर दोन वर्षं पाह्यलं, पुन्हा ते एकटीनं पाहाची माही ताकद नाही. कोणी तरी अर्धं उचलावं असं वाटलं.

तुले विचारायचं होतं, तीनच्या वर असली तं किती दिवस राहते माणूस बिना डायलिसिसचं. तू कळवणार नाहीस. तरी विचारलं.

आई


२३ एप्रिल

समता,

रंगरावभाऊ गेले, शुक्रवारी. बाहेर गाडी लागलेली होती खामगावले जायची, चपला घालता घालता खाली बसले. लोकाइनं सांगितलं, हार्ट.

मी भेटाले गेली. बाया बसल्या होत्या. विमलबाईनं मले पाह्यलं, उठली, माहा हात धरून आतल्या खोलीत नेलं. मले वाटलं रडाले नेते. रडली नाही. म्हणे, "कलाबाई, जानेवारीत माह्या घरी चहा पेता पेता तुम्ही हाव म्हणल्या होत्या. म्या इचारलं, तुमच्या घरचं लिहिलं ना, तं हाव, पहिलंच, म्हणल्या." ते मी तुले लिहिलं नव्हतं. म्हणाली होती मी हाव. "त्या दिवशी तुम्ही अश्वजितचं नाव वाचलं असतं ना, तं म्या याइचं खोडलं नसतं. देवाशपथ नसतं खोडलं. याइनं घरी आल्यावर मले इचारलं, राह्यलं का माहं नाव? म्या म्हटलं, राह्यलं." एवढं बोलून ती पुन्हा बायाइत जाऊन बसली.

घरी आली अन् प्रतीक्षाले समोर बसवलं. डाळीचा डबा खाली घेतला. म्हटलं, तुले एक सांगायचं आहे. ती म्हणे, "डबा राहू दे. मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून. आई, मी बी.ए. आहे. फॉर्म भरते लोकाइचे. मले रिपोर्ट वाचता नसन येत?"

"मंग निरंक काऊन लिहिलं?"

"तू सांगितलं म्हणून."

समता, माह्यानं बसवलं नाही. मी आत जाऊन उगाच भांडे घासले, घासलेलेच. ती मागून आली, दारात उभी राह्यली. म्हणे, "तुले लग्न पाहाचं होतं ना, म्हटलं पाहू दे. पण रंगरावकाका गेले तसं नाही जायचं मले. एक मेले ग्रामसभा आहे. माहं नाव वाच. अन् मोताळ्याले फोन मी करते, तू नको करू, तू पुन्हा कावीळ म्हणशीन."

तिनं फोन केला. अंगणात, निंबाखाली. पोरगा म्हणे, घरी विचारून सांगतो. तिसऱ्या दिवशी मावशी आली, साक्षगंधाचं पातळ परत मागाले. आपण घडी करून दिलं. मावशी वाईट नाही. तिलेही एक पोरगा आहे, सातच्या गाडीनं जाते. पातळ छातीशी धरून रडत गेली बिचारी, पण घेऊन गेली.

आई


२ मे

समता,

काल ग्रामसभा झाली.

पूनमताईले मीच बोलावलं होतं, माफी मागितली. त्या आल्या. म्हणाल्या, फाउंडेशनचं या वर्षीचं संपलं, पण यादी खरी झाली तर पुढच्या साली पुन्हा मांडू, निदान पंचवीस घरं पाहिजेत. गेल्या आठवड्यात मी सगळ्या घराइले सांगून आली, आधी माहं वाचते, मंग तुम्ही उभं राहा. दारं उघडी होती, माणसं ऐकत होती. काहीजण हाव म्हणले. विमलबाई सुतकात, ती येणार नव्हती. म्हणे, गोपाल सांगीन आमचं.

मी वाचलं. घर क्रमांक एक. कलाबाई पंजाबराव इंगळे. मयत, पंजाबराव. मयत, अश्वजित, वय एकोणतीस. आजारी, प्रतीक्षा, वय तेवीस. दुखणं किडनीचं. प्रतीक्षा माह्या बाजूले उभी होती, निळा पंजाबी घालून, केस नीट विंचरून. मी सांगितलं, आता ज्याइले आपलं नाव सांगायचं आहे त्याइनं सांगा. लपवून आपण काय कमावलं ते माह्याकडं पाहा. असं बोलणं मले येत नाही, पण बोलली.

कोणी उठलं नाही. मी थांबली. लय वेळ थांबली. उकंडराव काठीच्या मुठीकडं पाहत होते. मावशी आली नव्हती. मंग गोपाल उठला. त्यानं प्रतीक्षाकडं पाह्यलं, मंग आजूबाजूले पाह्यलं, अन् फाटकातून बाहेर निघून गेला. त्यालेही पाव्हणे येऊन राह्यले म्हणतात. सरपंच म्हणले, "पुढचा विषय घ्या." पुढचा विषय नालीचा होता. नालीवर दहा-बारा जण बोलले.

ठरावाच्या वहीत एक घर आहे. पूनमताईनं मले जवळ घेतलं. एका घराची टाकी कोणी बांधत नाही. आज सकाळी हापशीवर पुन्हा रांग होती, मीही होती. बायाइनं मले पुढं जाऊ दिलं अन् प्रतीक्षाच्या घागरीले कोणी हात लावला नाही.

तुह्याकडं तिले पाठवून राह्यली. मलकापूरहून रविवारची दुपारची गाडी आहे, संध्याकाळी नाशिक रोडले उतरीन. रिपोर्ट तिच्याजवळ आहे. तुह्या हॉस्पिटलात मोठे डॉक्टर आहेत, दाखव. माहं रक्त जमत असन तं किडनी माही घ्या, मी साठीची आहे पण धडधाकट आहे. तिले ठेवून घ्यायचं नसन तं तसं तिच्या तोंडावर सांग, माह्यासारखं करू नको. अन् समता, तूही बावीस वर्षं हेच पाणी पेली. तुहं रक्त तू तपासलं का, हे विचारायची हिंमत मले दीड वर्ष झाली नाही. पहिल्या पत्रात विचारणार होती, टाकीचं लिहीत बसली.

काल ग्रामसभेहून घरी आल्यावर प्रतीक्षा पाणी पेली, पाय वर घेऊन बसली, अन् म्हणे, "आई, मागं बसलेल्याइले ऐकू आलं नसन. तू जरा हळू वाचलं."

मी म्हटलं, हाव, आवाज बसला होता माहा.

बसला नव्हता, समता. माइक चालू होता. पार एस.टी.च्या थांब्यापर्यंत ऐकू जात होतं.

आई